तिसरी हाक

पहिल्याच हाकेला तो वळला. सकाळचे साडेदहा झालेले, लाँड्रीत गिऱ्हाईक नाही, ती काउंटरवर पावत्या नंबरवार लावत बसलेली. समोर दोन माणसं येऊन उभी राहिली आणि त्यांतल्या करड्या कोटवाल्यानं आत बघत, अगदी हलक्या, जवळजवळ मायेच्या आवाजात एक नाव घेतलं. ते नाव तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. 'या नावाचं इथं कुणी नाही हो, पलीकडच्या गल्लीत विचारा,' असं सांगायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण मागे इस्त्रीच्या टेबलाशी पाठमोरा उभा असलेला तिचा नवरा तोवर वळला होता. नुसता वळला नव्हता. शाळेत हजेरी घेताना पोरं मान वर करतात तशी त्याची मान वर झाली होती आणि 'हजर' म्हणावं तसं काहीतरी तोंडातून अर्धवट निघून तिथंच थांबलं होतं. तिच्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल तर हे, की अगं बाई, याला ऐकू येतं! अठरा वर्षं ज्या माणसाला तीन हाका मारल्याशिवाय ओ देता आली नाही, तो परक्या माणसानं परकं नाव घेतल्यावर पहिल्या फटक्यात वळतो म्हणजे काय! तिला चक्क राग आला. पुढे दिवसभर तिला त्या रागाची लाज वाटत राहिली, पण खरं ते खरं, पहिल्यांदा आला तो रागच.

मग जे झालं त्यात आरडाओरडा नव्हता की झटापट नव्हती. त्यानं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, वायर काढली. टेबलावरच्या आकाशी शर्टाची उजवी बाही झाली होती, डावी राहिली होती. त्यानं कमरेचा एप्रन सोडला, त्याची चौकोनी घडी घातली, घडीवरून एकदा हात फिरवला. दुसऱ्या, चष्मेवाल्या माणसानं ओळखपत्र तिच्यासमोर धरून काहीतरी सांगितलं. त्यातले 'फौज', 'पळून' आणि 'खून' एवढे तीन शब्द तिला कळले, पण ते एकमेकांना चिकटेनात. तिच्या बाजूनं जाताना नवरा एवढंच म्हणाला, "आकाशी शर्ट बाराला द्यायचाय." "बरं," ती म्हणाली. बरं! नवऱ्याला पोलीस धरून नेताहेत आणि बायको म्हणते बरं. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा तिच्या हातात चारशे बारा नंबरची पावती होती. चारशे अकराच्या खाली ती जशी लावायची तशी तिनं लावली.

मग तिनं इस्त्री सुरू केली. दुसरं काय करायचं ते सुचेना, आणि बाराला शर्ट द्यायचा होता हे तर खरंच होतं. पाण्याचा हबका मारून तिनं डावी बाही पसरली आणि तिच्या लक्षात आलं की आपले हात थरथरत नाहीयेत. पायही जागेवर होते. फक्त कानांत, मशीन रिकामं फिरत राहिलं की येतो तसा, एकसारखा घरघराट चालला होता. बाराला औषधांच्या दुकानातले गृहस्थ आले. सगळं गिऱ्हाईक तिला आडनावापुढे बाई लावून हाक मारी तशी त्यांनी मारली आणि शर्ट उजेडात धरला. "काय हो, आज मालक नाहीत वाटतं? उजवी बाही त्यांची, डावी काही त्यांची नाही. ही क्रीज बघा, नागमोडी." "बाहेर गेलेत," ती म्हणाली. इतकं सहज खोटं आपल्याला बोलता येतं याचं तिला नवल वाटलं, आणि लगेच वाटलं, आपल्याला एवढ्यात आलं, मग अठरा वर्षांत त्याला किती सराव झाला असेल! हा विचार आला तेव्हा तिला स्टुलावर बसावं लागलं.

तीन हाका. हा सगळ्या गल्लीचा विनोद होता. शेजारच्या खोक्यात चाव्या करणारा एक म्हातारबोवा बसायचा. गेली अठरा वर्षं तो तिला वहिनी म्हणत होता आणि तिच्या नवऱ्याचं नाव त्यानं बहिरोबा पाडलं होतं. "वहिनी, पहिली हाक कानाला, दुसरी मेंदूला, तिसरी बहिरोबाला," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. ती 'अहो' म्हणाली की मात्र नवरा लगेच 'काय गं' म्हणून वळायचा. त्यावरही चावीवाल्याची टीका ठरलेली: "बायकोचं ऐकू येतं, जगाचं येत नाही. लबाड आहे, बहिरा नाही." पण बाजारात काही 'अहो' चालत नाही, तिथं एका 'अहो'ला दहा नवरे वळतात. तिथं नाव घ्यावं लागे, आणि नाव घेतलं की हा आपला भाजीचा दर बघत सरळ पुढे चाललेला. एकदा शाळेच्या कार्यक्रमात 'पालकांनी मंचावर यावं' म्हणून त्याचं नाव माईकवरून तीनदा पुकारलं, तेव्हा पोरगी रडकुंडीला आली. मग मात्र तिनं त्याला हट्टानं कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, बारीकसारीक आवाज सोडले. आवाज आला की बटण दाबायचं. त्यानं एकही आवाज चुकवला नाही. डॉक्टर हसत बाहेर आले. "बाई, यांना माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं. हा नवऱ्यांना होणारा आजार आहे, याला औषध नाही." तसं त्यांनी लेखी दिलं, विनोदाचा भाग सोडून. तो कागद तिनं गंमत म्हणून जपून ठेवला होता, काउंटरच्या खणात, जुन्या पावतीपुस्तकांच्या खाली. सगळे हसले होते त्या दिवशी, तोही हसला होता. फक्त परत येताना रस्ताभर गप्प होता, आणि तिला वाटलं, बिचाऱ्याला मेल्या तपासणीचा अपमान वाटला असेल.

एकच्या सुमाराला चष्मेवाल्याचा फोन आला, या म्हणून. चावीवाला तोवर येऊन उभा राहिला होता. "काय वहिनी, बहिरोबाला कुणी पळवलं?" असं म्हणाला आणि तिचा चेहरा पाहून त्याचं हसू तसंच राहून गेलं. "तुम्ही जा. मी बसतो दुकानात," एवढंच म्हणाला. पोरीचा बारावीचा शेवटचा पेपर होता, साडेबारा ते साडेतीन. पेपर सुटला की बाबा फाटकाशी घ्यायला येणार, असं सकाळी ठरलं होतं. रस्त्यानं जाताना तिला एकसारखं दिसत होतं, पोरगी उत्तरपत्रिकेवर पहिल्या ओळीत नाव लिहितेय. आधी तिचं, मग बापाचं, मग आडनाव. अक्षर गोल, बापासारखं. नाव लिहून झालं की दोनदा खाली रेघ मारायची तिला सवय होती.

चष्मेवाल्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत कुणीतरी पाणी घालायचं विसरलेलं एक रोप. माणूस वाईट नव्हता. त्यानं आधी तिला पाणी दिलं आणि मग, मुलाला गणित समजवावं तसं एकेक करून सांगितलं. तिचा नवरा त्याच्या देशात शिपाई होता. दुसऱ्या वर्षी छावणीतून पळाला. चौथ्या दिवशी बंदराजवळ, खाटा भाड्यानं देतात तसल्या एका खोलीत उतरला. शेजारच्या खाटेवर एक कामगार होता. त्या माणसाला परदेशात नोकरी लागली होती, सकाळी त्याची बोट होती, कागदपत्रं खिशात होती. सकाळी खोली रिकामी. आठ दिवसांनी मागच्या विहिरीत एक प्रेत मिळालं, अंगावर कपडे नाहीत, डोकं फुटलेलं, आणि विहिरीच्या तळाशी दगड बांधलेलं फौजेचं गाठोडं. गणवेशावर नंबर होता. "तेव्हा मारणाऱ्याचं नाव पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होतं, बाई. मेलेल्याचं नव्हतं. तिथं रोज शेकडो माणसं येतात-जातात, कोण कुणाला ओळखतंय! वीस वर्षं ते प्रेत बिननावाचं राहिलं. आणि त्याच्या घरचे समजत होते, तो परदेशी गेला आणि आपल्याला विसरला." मग त्यानं फाईल उघडली आणि एक कागद तिच्याकडे फिरवला. "मेलेल्याचं नाव कळलं ते यावरून."

तिचंच पत्र होतं. तिचं अक्षर, लाँड्रीचा छापील कागद, कोपऱ्यात पिनेनं लावलेला फोटो. फोटोत तिघं होती. नवरा मधे, नव्या शर्टात, आणि पोरगी जीभ चावून हसणारी. खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून ती स्वतःचं पत्र, जणू दुसऱ्या कुणी लिहिलेलं, वाचत राहिली. पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. नवरा म्हणायचा, माझं कुणी नाही. लग्नाआधी म्हणाला, लग्नानंतर म्हणाला, पोरगी झाली तेव्हाही म्हणाला. तिनं मनाशी घेतलं होतं, घरात भांडून आलाय. पुरुषाची घमेंड, आईबापांपुढे मान खाली घालायची नाही. पोरगी आता मोठी झाली, पुढे शिकायला जाईल, तिला आजी नको? जुनं पारपत्र तिला ट्रंकेत मिळालं, त्यावरचा फोटो दमटपणानं पुसून गेलेला, पण शेवटच्या पानावर घरचा पत्ता होता. नवऱ्याला न सांगता तिनं लिहिलं. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तिला! लिहिलं होतं: 'तीर्थरूप सासूबाई, तुमचा मुलगा सुखरूप आहे. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. राग धरू नका. तुम्ही त्याला किती चांगलं वळण लावलंत ते मी रोज बघते. पांघरुणाची घडी अशी घालतो की पट्टीनं मापून घ्यावी. बूट स्वतः पुसतो. पहाटे हाक न मारता उठतो.' पांघरुणाची घडी! ज्या बाईनं ते वळण लावलंच नव्हतं तिला तिनं त्याबद्दल शाबासकी दिली होती. "आजी चार वर्षांपूर्वीच गेल्या," चष्मेवाला म्हणाला. "पत्र त्यांच्या सुनेनं उघडलं." कोण सून, असं तिनं विचारलं, खरोखरच तिला क्षणभर समजलं नाही. "त्याची बायको," तो म्हणाला. "जो मेला, त्याची."

ती बाई तिला दिसायला लागली आणि मग दिसायची थांबेना. चेहरा नव्हता तिला, नुसते हात होते. ओले हात पुसून पाकीट फोडणारे. वीस वर्षं बोटीनं गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी, सासूचं म्हातारपण काढणारी बाई. तिनं पहिली ओळ वाचली असेल: सुखरूप आहे. जिवंत आहे! दुसरी ओळ वाचली असेल: लग्नाला अठरा वर्षं झाली. मग शिव्या घातल्या असतील, पत्र फेकून दिलं असेल, त्या मेल्याचं आणि या सटवीचं तळपट होवो म्हणाली असेल. आणि मग, कितीही झालं तरी, बघावं तरी कशी आहे ती, म्हणून फोटो उचलला असेल. फोटोत मधे उभा असलेला माणूस तिच्या नवऱ्याचं नाव लावून हसत होता आणि तो तिचा नवरा नव्हता. एका मिनिटात त्या बाईला नवरा मिळाला, परत गेला, आणि मेला. हे सगळं पोस्टाच्या एका तिकिटात आपण तिला धाडलं. तिच्या तोंडून "आई गं" असं निघालं, मोठ्यानं. चष्मेवाल्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला, पण तो आधीच रिकामा झालेला होता.

मग त्यानं अर्जाबद्दल सांगितलं. तिचं त्याच्याशी इथल्या कायद्यानं लग्न झालंय, पोरगी इथं जन्मली, पोरगी अजून शिकतेय. तिनं आज अर्ज दिला, तर त्याला इथंच ठेवून इथल्या कोर्टात सुनावणी होईल. दोन वर्षं जातील, तीन जातील, भेटता येईल, डबा देता येईल. चार वाजेपर्यंत अर्ज आला नाही तर त्याच्या देशातून आलेला करडा कोटवाला त्याला संध्याकाळच्या विमानानं घेऊन जाईल, आणि मग त्या देशात काय होईल ते तिनं विचारू नये. "तुमची एक सही आहे, बाई. मी करा म्हणत नाही, नका करू म्हणत नाही." त्यानं कागद तिच्यापुढे ठेवला. अर्जदाराचं संपूर्ण नाव, अशी पहिली ओळ, आणि पुढे टिंबं टिंबं.

कागद घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली. सही करायची, यात विचार करण्यासारखं काय होतं? तिला तो हवा होता. हे तिनं स्वतःशी चोरून नाही, सरळ कबूल केलं. खून केला असेल, केला असेल. तो खून करणारा विशीतला, कुणी दुसराच होता, आणि आपला हा, पोरीला गोवर आला तेव्हा सात दिवस जमिनीवर झोपलेला, आपल्या वडिलांचं शेवटचं दुखणं स्वतःच्या हातांनी काढलेला. वडिलांनी त्याला इस्त्रीवर ठेवलं तेव्हा नाव विचारलं होतं आणि तो जरा थांबून बोलला होता. "मुलगा भिडस्त आहे," वडील म्हणाले होते. हात असे, की रेशमाला लागले तर रेशमाला कळू नये. तेच हात. तिनं डोळे मिटले तर खाट दिसली, दगड दिसला. उघडले तर समोरच्या भिंतीवर पत्ते शोधत फिरणाऱ्यांसाठी लावलेला नकाशा होता. आणि मग, कुठलं कुठून आठवलं कोण जाणे, तिला खिसे आठवले.

लाँड्रीत कपडा मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे तपासायचे, ही वडिलांची शिस्त. जे निघेल ते पाकिटात घालायचं, वर कपड्याचा नंबर लिहायचा. किल्ल्या निघत, बसची तिकिटं निघत, प्रेमपत्रंसुद्धा निघत. नवऱ्यानं सगळी कामं केली, रक्ताचे डाग काढले, गटारात पडलेल्याचे कपडे धुतले, पण खिशात कधी हात घातला नाही. "खिसे तू बघ," म्हणायचा आणि कपडा तिच्यापुढे धरायचा. एकदा ती तापानं फणफणली होती, तर त्यानं दोन दिवस कपडे धुतलेच नाहीत, ढीग लावून ठेवला. किती कौतुक होतं तिला त्याचं! केवढा सरळ माणूस, दुसऱ्याच्या खिशाला हात लावत नाही. वडिलांनी तर यावरूनच मुलगी दिली होती. त्या पहाटे त्यानं त्या माणसाच्या खिशातून काय काय काढलं असेल? पारपत्र, बोटीचं तिकीट, नोकरीचं पत्र. एवढंच? घर सोडून परदेशी निघालेला माणूस खिशात आणखी काय ठेवतो?

साडेतीनला पाच मिनिटं असताना तिला त्याच्याकडे नेलं. छोटीशी खोली, मधे टेबल, तो पाठमोरा, खिडकीकडे तोंड करून बसलेला. करडा कोटवाला दारात उभा होता. "बोलत नाही," तो म्हणाला. "सकाळी वळला तेवढाच. आता कुठल्याच नावाला ओ देत नाही." तिनं त्या पाठीकडे पाहिलं. मानेवर, कॉलरच्या वर, केस कापायला झाले होते. येत्या रविवारी तीच कापणार होती. तिनं ठरवलं होतं, बोलायचं ते नाव न घेता बोलायचं, कुठलंच नाव आपलं नाही. पण हाक मारायची तर काहीतरी म्हणायला हवं, आणि मनात अजून ठरत नव्हतं तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "अहो."

"काय गं?" तो म्हणाला आणि वळला.

तोच आवाज, रोजचा. दुपारच्या वेळी मागच्या अंगणातून यावा तसा साधा आवाज, आणि चेहराही तोच, फक्त धुऊन धुऊन रंग गेल्यासारखा. "दुकान कुणावर टाकून आलीस?" त्यानं विचारलं.

"चावीवाल्यावर."

"मागे पडदे वाळत घातलेत. कडक झाले की घडी मोडते, उतरवायला सांग त्याला. पेपर?"

"अजून सुटला नाही."

त्यानं मान हलवली. मग टेबलावर तिनं ठेवलेल्या कागदाकडे त्याचं लक्ष गेलं आणि तिथंच राहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मला नुसते कपडे पाहिजे होते. गणवेशात कुठं जाणार? कपडे घ्यायचे आणि निघायचं, एवढंच. तो जागा झाला गं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "जागा झाला नसता तर..." आणि थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं ते अठरा वर्षांत दोनदा पाहिलं होतं, पोरगी झाली तेव्हा आणि वडील गेले तेव्हा, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं. आताही खरंच होतं, यात तिला शंका नव्हती. "एवढी सही कर," तो म्हणाला. "पोरीला एकदा भेटू दे मला. तिला मीच सांगतो."

तिनं पेन उघडलं. पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं, आईनं ठेवलेलं. ते लिहून झाल्यावर हात पुढे गेला आणि तिथं नवऱ्याचं नाव यायला हवं होतं. पावत्यांवर, शाळेच्या फॉर्मवर, दुकानाच्या पाटीवर हजारदा लिहिलेलं. पेनाचं टोक कागदावर टेकून राहिलं, तिथं शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला. त्या नावाची खरी मालकीण कुठंतरी ओले हात पुसत उभी होती. ज्या माणसाला त्या बाईनं 'अहो' म्हणायचं होतं त्याचं नाव लावून आपण अठरा वर्षं मिरवलो. तिनं पेन उचललं आणि विचारलं, "अहो, त्याला बायको होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

तो खिडकीकडे बघायला लागला. खाली अंगणात कुणीतरी नळी लावून गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"अहो," ती म्हणाली, "त्याच्या खिशात तिचा फोटो होता का?"

तो बाहेर बघत राहिला. जबडा तेवढा हलला. काल रात्री जेवताना ती त्याला काय म्हणाली होती, तो काय म्हणाला होता, ते तिला उगाचच आठवायला लागलं; मीठ कमी आहे, असलं काहीतरी. नाही म्हण, ती मनात म्हणत होती. नव्हता म्हण. खोटं म्हण, अठरा वर्षं म्हणालास, आणखी एकदा म्हण, मी सही करते.

"अहो. मी काय विचारतेय?"

तीन हाका झाल्या. 'अहो'ला त्यानं ओ दिली नाही असं आजवर एकदाही झालं नव्हतं. त्याची पाठ तशीच होती, मानेवर केस वाढलेले, आणि कान, डॉक्टरांनी लेखी दिलेले, कसलाही दोष नसलेले कान, हळूहळू लाल होत गेले.

तिनं पेनाला टोपण लावलं. कागद टेबलावर होता तसाच राहू दिला. करड्या कोटवाल्यानं बाजूला होऊन तिला वाट दिली आणि ती लांबलचक बोळातून जिन्याकडे चालायला लागली. रडू येईल असं वाटलं होतं, ते येत नव्हतं. फक्त पायांखाली फरशी आहे की नाही ते प्रत्येक पावलाला तपासून बघावं लागत होतं. मागे कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. कुठल्याशा आडनावापुढे बाई लावून. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. काय बाई आहे, तिच्या मनात आलं, ओ द्यायला काय होतं! ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचली तेव्हा तिसरी हाक आली, आणि तिला कळलं की चष्मेवाला हातात कागद घेऊन तिलाच बोलावत होता. ती वळली नाही. पेपर सुटून पाच मिनिटं झाली होती आणि पोरगी फाटकाशी वडिलांची वाट बघत उभी होती.